कोपऱ्याचा प्लॉट

नागपूर
१७ नोव्हेंबर २००४

प्रिय शुभे,

तुह्या पत्राची वाट पाहून पाहून थकली, म्हणून मीच लिहून राहिली. लाखनीच्या दुकानदारीणबाईले फुरसत कुठं! दिवाळीले माहेरी आंबागडले गेली असशील, बाबाची तब्येत कशी आहे ते कळव.

तू मागं विचारलं होतं, लेआउट म्हणजे काय असते बाप्पा? सांगते. शहर संपते तिथून हुडकेश्वरकडं निघालं की पहिले सारे वावरंच होते, कापसाचे, तुरीचे. एखाद्या वावरात चुन्यानं रेघा ओढाच्या, मुरूम टाकून रस्ते कराचे, कोपऱ्या-कोपऱ्यावर दगडं गाडाचे, झालं लेआउट. मंग रविवारी नवराबायको मोटारसायकलवर येते आणि ढेकळात उभे राहून बायको म्हणते, इथं किचन. मले पहिले लय हसू ये. आता नाही येत, कारण मी बी तेच करून राहिली.

अंकुश रात्री लोहा-सिमेंट राखते आणि दिवसा नव्या भिंतीवर पाणी मारते. मी मिस्त्री लोकायसाठी चहा-भाकर करते. बालाघाटचे, छत्तीसगडचे सारे, पण आपल्या हातची अंबाडीची भाजी देली का गावची आठवण काढते. आमची पोरगी रुचिता इथल्या शाळेत रुळली. पहिले शाळेतल्या पोरी तिच्या बोलण्याले हसत, आता तीच त्यायले हसते.

आमची झोपडी जुन्या विहिरीजवळ, कोपऱ्याच्या प्लॉटवर आहे. हाच प्लॉट तुह्या भावानं आमाले द्याचा बोलला. तुले तं माहीत आहे, तुमच्याच अंगणात बोलणं झालं. मोनूभाऊ म्हणाला, पाच वर्षं लेआउट राखा, पगार कमी देईन, पण पाच वर्षांनी कोपऱ्याचा प्लॉट अंकुशच्या नावावर करून देईन. मी दोनदा विचारलं, नावावर? तो म्हणाला, नावावर, सरिताताई, शब्द आहे माहा. तुहे बाप सोमाजीबाबा खाटेवर बसले होते, तू सुपात तांदूळ निवडत होती.

शुभे, माह्या बापानं जलमभर तुमच्या बांध्यायत धान पिकवलं, अंकुशच्या बापानं दुसऱ्याच्या. आमच्या दोन्ही घरात कोणाच्या नावावर कधी हातभर जमीन नव्हती. म्हणून मी या ढेकळात रोज एकदा फिरून येते आणि मनात म्हणते, इथं किचन. हस मले, पण कोणाले सांगू नको.

तुही,
सरिता


लाखनी
९ डिसेंबर २००४

प्रिय सरिते,

हसली ना! यायले पत्र वाचून दाखवलं तं हे म्हणते, सरिताबाईनं किचन पाहिलं तं बाथरूम कुठं आहे ते बी विचार.

अवो, साक्षीदार मी आहे आणि साक्षीदाराले लुगडं लागते, आत्ताच सांगून ठेवते. नावावर म्हटलं मोनूनं, माह्या कानानं आयकलं. तुह्या घरात पहिलं पाऊल माहं पडलं पाहिजे. घरभरणीच्या तुमच्या बुद्धवंदनेले बसीन आणि मंग चांगलं दोन दिवस राहीन. नागपूरचा बाजार दाखव मले.

इकडं यायच्या टायरच्या दुकानाचं मनाले लागून राहिलं. रस्ता चौपदरी होणार म्हणते. मोजणीवाले आले आणि दुकानाच्या भिंतीवर लाल खूण मारून गेले. दिवसभर टरका जाते, दर तासाले कोणाचा तरी टायर फुटते, त्याच्यावर तं आमचं घर चालते. दुकान गेलं का कुठं बसाचं? भंडाऱ्याले चकरा मारून झाल्या. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तं गर्दी कमी झाली असंल म्हटलं, पण साहेब काही भेटत नाही.

बाबाले दम लागते. मोनू गावाले येत नाही, फोनवर दोन शब्द बोलते. त्याले सांग जरा, तुहं आयकते तो. लहानपणी तुह्याच कडेवर राहे मेला.

तुही,
शुभांगी


नागपूर
२६ जून २००५

प्रिय शुभे,

मोनूभाऊले तुहा निरोप सांगितला. येतो म्हणाला. पण त्याले खरंच श्वास घ्याले टाइम नाही, मी डोळ्यानं पाहून राहिली. विमानतळाकडं मोठमोठ्या कंपन्या येणार म्हणून इथं सारे पागल झाले आहेत. सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा. ज्या म्हाताऱ्यानं हे वावर विकलं, तो रोज पांढरा सदरा घालून येते, आमच्या चुलीजवळ बसून चहा पेते आणि आपल्याच वावरात लोकायचे घरं मोजते. त्याच्या पोरानं जीप घेतली, म्हाताऱ्याले त्याच्यात बसाले भेव वाटते.

आमच्या समोर तीन बंगले झाले. कालेजातले सर, बँकेतले बाबू, एक डाक्टरीणबाई. मले आता दोन घरचं धुणं-भांडं भेटलं. किराण्याचं दुकान झालं, ऑटो थेट आत येते. शहर आमच्याकडं चालत येऊन राहिलं बाई. रात्री आता कोल्हे आयकू येत नाही.

मोनूभाऊ मोठी गाडी घेऊन येते. गिऱ्हाइकाले लेआउट दाखवते तवा आमच्या झोपडीकडं हात करून म्हणते, हे आपले घरचेच लोक. मले बरं वाटते. मी दारापुढं शेवगा लावला, तोंडल्याचा वेल चढवला, न्हाणीसाठी फरशी टाकली. अंकुश चिडते, म्हणते, आधी कागद होऊ दे. मी म्हटलं, आंबागडच्या माणसाचा शब्द आहे, कोण्या बिल्डरचा नाही.

तरी परवा मोनूभाऊले कागदाचं विचारलं. म्हणाला, घाई काय आहे, तुमी कुठं पळून चालले काय? त्याचं बरोबर आहे. अजून पाच वर्षं कुठं झाले.

बाबाले गरम पाणी देत जा. तुह्या मायले, सुंदरबाईले माहा नमस्कार.

तुही,
सरिता


लाखनी
८ नोव्हेंबर २००५

प्रिय सरिते,

बाबाच्या तेरवीले तू आली होती, पण गर्दीत आपलं धड बोलणंच झालं नाही. तू चुलीपाशी बसून भांडे घासत होती, ते पाहून मले कसंतरी झालं. तू पाहुणी होती ना.

आता एक गोठ सांगते, बसून वाच. भाऊबीजेले आंबागडले गेली. मोनू म्हणाला, ताई, बाबाच्या वावराचं हक्कसोड करून दे, वावराचे तुकडे नको. यायचं मन नव्हतं. पण मी म्हटलं, वावर मागून माहेर तोडू काय? तुमसरले जाऊन सही केली. रडू आलं मले. तळ्याखालच्या बांधीतल्या चिखलात आपण दोघी खेळलो, तिच्यावरचं माहं नाव गेलं.

पण मोनूनं ताट ओवाळून झाल्यावर काय टाकलं माहीत आहे? नागपूरचा प्लॉट! रजिस्ट्री माह्या नावानं करून आणली होती. मी तं पाहतच राहिली. दोन्हीकडून रस्ता, विहीर लागून, कोपऱ्याचा. तुमच्याच लेआउटमध्ये, सरिते! आपण दोघी शेजारीण होणार. लाखनीचं दुकान तुटलं का हे तिथं टायरचं दुकान टाकतीन, वर दोन खोल्या काढू. यायनं कितीक महिन्यानं त्या रात्री पोटभर जेवलं.

जाऊन पाहून ये ना बाई माहा प्लॉट. नंबर मागं लिहिला आहे. माती कशी आहे, शेजारी कोण आहे, सारं लिही.

तुही,
शुभांगी


लाखनी
१९ जानेवारी २००६

सरिता,

दोन महिने झाले, तुहं उत्तर नाही. पत्र भेटलं हे मले माहीत आहे, आपल्या गावचा यादोराव तिकडं आला होता, त्यानं सांगितलं का सरिता चांगली आहे, तिले पत्र भेटलं. तो म्हणाला, तुहं नाव काढलं तं सरिता उठून चहा ठेवाले गेली.

राग नको मानू, पण मले वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मले काही भेटलं नव्हतं. तुमाले प्लॉट भेटणार म्हटलं तवा मी जळली काय? मी लुगडं मागितलं. आणि माह्या ताटात काही पडलं तं तुह्यानं दोन ओळी लिहवत नाही. शहरात राहून माणूस असं होते असं म्हणते, मी कधी मानलं नव्हतं.

शुभांगी


नागपूर
५ फेब्रुवारी २००६

प्रिय शुभे,

तू मले जळकी म्हटलं, ते सोसलं मी. आता खरं सांगते.

तुहा नंबर मी पाहाले गेली नाही. जायची गरजच नव्हती. या लेआउटमध्ये विहीर एकच आहे आणि तिच्याजवळ कोपरा एकच आहे. त्या कोपऱ्यावर बसून मी हे लिहून राहिली. तुह्या प्लॉटची माती चांगली आहे, मीच तिच्यात शेणखत घातलं. शेजारी कोणी नाही, आमीच आहोत.

तुहं पत्र मी दोनदा वाचलं. बाबाले जाऊन दोन महिने बी झाले नव्हते, आणि तू इतकी खुश होती, तं मी म्हटलं मोनूभाऊची काही गलती झाली असंल. एवढे प्लॉट, नंबर इकडचा तिकडं लागला असंल. तुले उगाच कायले घोर लावाचा? आधी त्याले विचारावं. पण तो येच ना. फोन केला तं मीटिंगमध्ये आहे म्हणे. शेवटी संक्रांतीच्या दिवशी आला, गिऱ्हाईक घेऊन. गिऱ्हाईक गेलं तवा मी गाडीच्या आडवी झाली.

त्यानं काय सांगितलं ते लिहिते. म्हणाला, सरिताताई, आपल्या गावाकडं सालभर राबणाऱ्या सालकऱ्याले धानाची एक बांधी सोडते ना? जोवर साल आहे तोवर तिचं धान त्याचं. तुह्या बापाले बी माह्या बापानं सोडली होती. तसाच मी तुमाले कोपरा सोडला. बांधी सोडली म्हणून कोणी सालकऱ्याच्या नावानं सातबारा करते काय?

आणि हसला, शुभे. ज्याले मी कडेवर घेऊन तळ्यावर हिंडवलं, तो मले माह्या बापाची बांधी दाखवून हसला. माहा बाप त्या बांधीचं धान डोक्यावर घरी आणे तवा आपण राजे आहोत असं मले वाटे. मोनूनं ते बी नासवलं.

अंकुश त्याच्या अंगावर जाऊन राहिला होता, मी हात धरला. आमच्याजवळ एक कागद नाही. सारा भरवसा तुमच्या अंगणाचा होता. बाबा गेले. आता आयकणारी तूच आहे.

मी तुहा प्लॉट मागत नाही. तुह्या बापाच्या वावराच्या बदल्यात तुले भेटला, तुहा हक्क आहे. पण विकायचे प्लॉट अजून आहेत, मागच्या ओळीत चुना बी मारला नाही. त्याच्यातला एक त्यानं आमाले द्यावा, नाही तं तुले तिथं द्यावा आणि आमचा आमाले ठेवावा. त्याले एवढंच सांग का तो काय बोलला ते तू आयकलं आहे. तुह्यासमोर त्याले नाही म्हणता येणार नाही. मले तेवढं एकच पाहिजे तुह्यापासून.

लवकर लिही. अंकुश रात्री झोपत नाही.

तुही,
सरिता


लाखनी
१० एप्रिल २००६

प्रिय सरिता,

पत्र मिळाले. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. आम्ही सर्व कुशल आहोत.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मोनूशी बोलणे केले. मागच्या ओळीतील प्लॉट एका पार्टीने एकत्र घेतले असून तेथे फ्लॅट होणार आहेत, त्यामुळे ते देता येत नाहीत. कोपऱ्याच्या प्लॉटची रजिस्ट्री माझ्या नावे झालेली आहे. दुकानाला सरकारी नोटीस आली असून आम्हाला दुसरा आधार नाही, हे तू समजून घेशील.

त्या दिवशी अंगणात नेमके काय बोलणे झाले ते मला आता आठवत नाही. मी कामात होते. मोनू म्हणतो त्याप्रमाणे बांधी सोडण्यासारखेच बोलणे झाले असावे. आपल्याकडे तशी पद्धत आहेच.

तरीही तुम्हाला कोणी उठवणार नाही. बांधकामाला अजून दोन वर्षे लागतील. तोपर्यंत तुम्ही आहे तेथेच राहून आमचा प्लॉट राखावा, आम्ही दरमहा काही देऊ. बांधकाम झाल्यावर मागील बाजूस चौकीदाराची खोली काढण्याचा विचार आहे. म्हणजे तुम्हाला काहीच फरक पडणार नाही.

सरिते, एवढं मी माह्या मनानं लिहून राहिली, हे दुकानात गेले आहेत. मोनूशी भांडली तं माहेर जाते माहं. माय त्याच्याजवळ आहे. मी काय करू, तूच सांग. रागावू नको.

शुभांगी


नागपूर
२ मे २००६

सौ. शुभांगीताई यांस,

जयभीम.

तुमचं पत्र भेटलं. अर्ध्याच्या वरचं भाऊजीनं सांगितलं आणि तुमी लिहिलं, ते समजलं. पण आठवत नाही, हे त्यायचं नाही. ते अंगणात नव्हते. ते तुमचं आहे.

मले वाटलं होतं तुमी लिहाल, हो, आयकलं होतं, पण मी बोलू शकत नाही, माही माय त्याच्याजवळ आहे. मी रडली असती आणि चूप बसली असती. रक्ताच्या माणसापुढं कोणाचं चालते? तुमी खरं राखून प्लॉट घेतला असता तं मी माह्या हातानं तुमची पहिली वीट ठेवली असती. मोनूनं फसवलं ते फसवणाऱ्याचं काम. तुमच्यावर माहा जीव होता. मले लय लागलं, ताई. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. रुचिता विचारे, कोण गेलं? मी म्हणे, कोणी नाही.

अंकुश म्हणे, आत्ताच निघू. उमरेड रोडले आणखी पुढं नवे लेआउट पडले आहेत, राखणदार सगळीकडं पाहिजे. पण रुचिताची यंदा दहावी आहे आणि तिची शाळा इथून दिसते. आमच्यापाई तिचं वर्ष घालवाचं नाही, असं दोघायनं बसून ठरवलं. म्हणून तुमची राखण आमी धरतो, पोरीची परीक्षा होतपर्यंत.

परवा अक्षय तृतीया झाली. आपल्याकडं याच दिवसात सालकऱ्याचं साल बोलते. माहा बाप तुमच्या अंगणात उभा राहे, सोमाजीबाबा खाटेवर, आणि चार माणसायपुढं सारं मोकळं बोलून होये, धान किती, पायताण किती, सुट्टी कई. आमी तुमच्या भावासंगं ते केलं नाही. घरचे लोक म्हटलं त्यानं, आमी फुगलो. तं आता आमचं साल बोलून घेतो.

दरमहा काही देऊ, हे चालत नाही. इथं चौकीदाराचा जो पगार चालू आहे तो पुरा पाहिजे, तारखेले पाहिजे. भीमजयंतीले आणि धम्मचक्राले सुट्टी. चहाची चूल मी प्लॉटवरच ठेवणार. रात्रीच्या राखणीत मी नाही, एकटा अंकुश. मागची खोली आमाले नको, ती तुमी दुसऱ्या कोणाले द्या. हे डाक्टरीणबाईच्या ओट्यावर बसून, तिच्यासमोर आणि किराणावाल्यासमोर लिहून राहिली.

आणखी एक. पुढं काही सांगाचं असलं, वीट कई येणार, रेती कुठं उतरवाची, तं मोनूसेठच्या हाती निरोप पाठवत जा. पत्र लिहू नका. सालकऱ्याले मालकाचा निरोप येते, पत्र येत नाही. आलंच तं मी वाचणार नाही, पोस्टमनले परत देईन.

भाऊजीले नमस्कार सांगा. पगार या महिन्यापासून धरावा.

सरिता अंकुश गोंडाणे
चौकीदार